नदीची जागा

तिकिटं संपली की नाट्यगृहात मधल्या वाटेत खुर्च्या टाकतात. त्यांना जादा खुर्च्या म्हणतात. तिला सगळे जादाताई म्हणायचे. तिला राग यायचा नाही. निदान ताई तरी लावतात, असं ती म्हणायची.

एका संगीत नाटकाच्या कंपनीत ती राखीव नटी होती. नाटकात बायकांच्या पाच भूमिका, पाचही तिला तोंडपाठ. कुणी आजारी पडलं तर तिच्या जागी उभं राहायचं, एवढंच तिचं काम. पण या पाचजणी काही आजारी पडत नव्हत्या. जादाताई सगळ्यांच्या आधी यायची, केस बांधायची, पावडर लावायची आणि विंगेतल्या लाकडी पेटीवर बसायची. पडदा पडला की पावडर पुसायची आणि घरी जायची. यात तिची बरीच वर्षं गेली.

रविवारी सकाळी दादाचा फोन यायचा.

"काय गं, कुणाला खोकलाबिकला झाला की नाही?"

"कुठला रे! सगळ्या ठणठणीत."

"मग तू जरा जाऊन शिंक की त्यांच्या अंगावर."

दोघं हसायचे. मग दादा वहिनीला हाक मारायचा. वहिनी कामात असायची. फोन संपायचा.

नाटक एका नदीचं होतं. एका काठावर दिवा सांभाळणारी मुलगी, दुसऱ्या काठावर नावाडी. पूर आलेला, नाव पलीकडे अडकलेली. रात्रभर दोघं एकमेकांना हाका मारतात आणि उजाडायच्या आत दिवा विझतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी या हाकांचं गाणं होतं. लोक त्या गाण्यासाठी पुन्हा पुन्हा यायचे. मुलगी म्हणायची,

"दिवा लावून बसले मी, दिसतो का रे तुला?"

मग सगळं थांबायचं. वाद्यंसुद्धा. मग पलीकडून यायचं,

"दिसतो गं, पण पाणी चढलंय, थांब जरा."

चाल नाटक बसवणाऱ्या मास्तरांची. तालमीत ते प्रत्येकाला बजावायचे, "ही मधली जागा कुणी भरायची नाही. तिथं नदी आहे. आवाजाला पलीकडे पोचायला वेळ लागतो."

जादाताई घरी रोज हे गाणं म्हणायची. तिसऱ्या मजल्यावर तिची एक खोली होती. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसायचे. आई होती तोवर नावाड्याच्या ओळी आई म्हणायची, भाजी निवडता निवडता, आणि अगदी बेसूर. "तुझा नावाडी बुडाला गं," असं म्हणून स्वतःच हसायची. आई गेली. मग नावाड्याच्या ओळी जादाताईच म्हणू लागली. तिची ओळ संपली की लगेच त्याची. मध्ये थांबलं की खोली फार मोठी वाटायची. म्हणून ती थांबायची नाही.

त्या वर्षी मोठ्या बाई, म्हणजे मुख्य नटी, नाटक सोडणार होत्या. दिवेवाली कोण होणार, याची कंपनीत कुजबुज होती. आणि एका दुपारच्या प्रयोगाला मोठ्या बाईंच्या घशातून आवाजच फुटेना. मास्तर विंगेत आले. पेटीवर बसलेल्या जादाताईकडे त्यांनी पाहिलं.

"ऊठ. आज तू. निभावलंस तर पुढंही तूच."

ती उठली. मोठ्या बाईंचं लुगडं तिला लांब झालं. कोरसमधल्या एका उंच मुलीनं गुडघ्यावर बसून ते वर टाचून दिलं. तिला सगळे शिडी म्हणायचे. साहित्य शिकून आलेली, कमी बोलणारी. टाचणी लावता लावता ती एवढंच म्हणाली, "ताई, हात केवढे गार पडलेत तुमचे."

पहिला अंक चांगला गेला. दुसराही, शेवटच्या गाण्यापर्यंत. जादाताई दिवा घेऊन काठावर आली. आवाज असा लागला की विंगेतल्या माणसांनी हातातली कामं थांबवली. पहिली ओळ संपली. वाद्यं थांबली.

आणि तिनं दुसरी ओळही म्हटली. नावाड्याची. लगेच, श्वासही न घेता.

पलीकडच्या काठावर नावाडी झालेला हिरो तोंड उघडून उभा राहिला. ती तिसरी ओळ गायली, चौथीही. तिच्या ते ध्यानातच नव्हतं. डोळे दिव्यावर होते. वाद्यंवाले कसेबसे तिच्या मागे धावले. हिरोनं हात उंच केला, खाली घेतला आणि शेवटी तो नावेत बसून राहिला. गाणं संपलं तेव्हा तिनं वर पाहिलं. पलीकडे माणूस होता.

टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या. प्रेक्षकांना वाटलं, असंच असेल.

पडदा पडल्यावर हिरो म्हणाला, "ताई, आधी सांगायचं ना. मी घरी जाऊन झोपलो असतो."

सगळे हसले. तीही हसली. मास्तर हसले नाहीत.

"सुरेख गायलीस," ते म्हणाले. "पण तो पलीकडे उभा होता गं. तुला दिसला नाही?"

"नाही," ती म्हणाली. ते खरं होतं.

मास्तर माणूस चांगला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला रिकाम्या नाट्यगृहात बोलावलं. हिरोलाही, आणि तो कुरकुरत का होईना आला. शिडी कोरसच्या बाकावर बसली होती. जादाताई पहिली ओळ गायली आणि तिनं तोंडावर तळवा दाबून धरला. हिरोनं त्याची ओळ म्हटली. तिची पाळी आली तरी तळवा निघेना.

"घाबरू नको. पुन्हा," मास्तर म्हणाले.

पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तळवा निघाला आणि तिच्याच तोंडून हिरोची ओळ बाहेर पडली. हिरोनं मान खाली घातली. या वेळी त्याला विनोद सुचला नाही.

मास्तर काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "शिडीला घ्या. तिला थांबता येतं."

"मी?" शिडी उभी राहिली. "ताई, मला तुमच्यासारखं गाता येत नाही."

"गाणं शिकवता येतं."

संध्याकाळी शिडी तिच्या खोलीवर आली. खुर्ची एकच होती, म्हणून शिडी पलंगावर बसली. तिनं पहिली ओळ म्हटली. सूर जरा कच्चा होता. मग ती थांबली. नदीएवढी थांबली. खाली कुणाचं तरी दार वाजलं. नळ ठिबकत होता. जादाताई खिडकीशी उभी होती. तिनं गज धरला आणि नावाड्याची ओळ म्हटली. एवढीच म्हटली, आणि ओठ मिटले.

पुन्हा नळ. पुन्हा जिना चढणारं कुणीतरी. आणि मग पलंगावरून, स्वतःचा नसलेला आवाज तिला ऐकू आला,

"थांबते रे, वात थोडी उरली आहे अजून."

जादाताईनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

"चुकलं का ताई?"

"नाही. पुन्हा म्हण."

शिडीनं पुन्हा म्हटलं. अंधार पडेपर्यंत दोघी म्हणत राहिल्या. मग शिडी रोज येऊ लागली, आणि गाणं बसल्यावर यायची थांबली. तिनं यायचं काही कारण उरलं नव्हतं. नाटक तिच्या नावावर चालू लागलं. जादाताई पेटीवर.

रविवारी दादानं विचारलं, "मग? लागली का लॉटरी?"

"दिवेवालीची नाही लागली. नावाड्याची लागली."

"म्हणजे मिशा लावणार की काय आता?"

ती हसली. दादानं वहिनीला हाक मारली. वहिनी कामात होती.

फोन ठेवून ती खिडकीशी गेली. पाइपांवर ऊन आलं होतं. दिवेवालीची ओळ तिनं सोडून दिली आणि नुसती त्याची म्हटली.

"दिसतो गं, पण पाणी चढलंय, थांब जरा."

मग ती थांबली. पलंगाकडे पाहत, पुढची ओळ यायला लागेल तेवढा वेळ, आणि त्यानंतरही.