पडद्यावर थिजलेले हात

माझी वहिनी दुभाषी आहे. तिच्या दोन भाषांपैकी एक तोंडाने बोलायची आणि दुसरी हातांनी. तिचे आईवडील दोघेही जन्मापासून बहिरे. त्यामुळे तोंडातून पहिला शब्द फुटायच्या आधी ती खुणा करायला लागली आणि शाळेत जायच्या आधीच घराचे कान झाली. दुकानदार काय म्हणाला, दारावरचा माणूस का ओरडतोय, बाईंनी वहीत काय लिहिलंय, सगळं तिनेच सांगायचं. पुढे तिने त्याचंच रीतसर शिक्षण घेतलं. आता ती घराच्या मागच्या खोलीत बसून तीन-चार हॉस्पिटलांसाठी हे काम करते. बहिरा पेशंट आला की तिथली नर्स त्याच्यासमोर टॅबलेट धरते. पेशंट खुणांनी बोलतो, ते वहिनी डॉक्टरांना सांगते. डॉक्टर बोलतात, ते ती हातांनी पेशंटला सांगते. लोकांना वाटतं, काय मजा आहे, बसल्या जागी नोकरी. संध्याकाळी तिला भांड्याच्या कपाटापर्यंत हात उचलवत नाही, ते लोकांना दिसत नाही.

मी तिची नणंद. वरच्या मजल्यावर राहते. खाली दादा, वहिनी आणि वहिनीची आई. त्यांना मी मावशी म्हणते. वहिनी पेशंटबद्दल घरात चकार शब्द काढत नाही, तो तिच्या कामाचा नियम आहे. ही हकीकत त्या पेशंटने स्वतः परवानगी दिली म्हणूनच सांगतेय. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

तेव्हा आठ दिवस आमच्या घरच्या राउटरने वहिनीच्या नाकी नऊ आणले होते. कॉल लागायचा, पाच-दहा मिनिटं नीट चालायचा आणि मग चित्र अडखळायला लागायचं. तुमच्या-माझ्या कॉलवर चित्र थांबलं तरी आवाज येत राहतो, बोलणं पुढे सरकतं. वहिनीचं बोलणं चित्रातच असतं. बोटांचे चौकोनी तुकडे झाले की वाक्य संपलं.

उपाय सगळे करून झाले. दादाचा एकच मंत्र, "बंद करून चालू कर." दिवसातून चार वेळा बंद करून चालू केला. मग राउटर हॉलमधल्या फळीवर आणखी वर सरकवला, शेजारचा आरसा काढून पलंगाखाली ठेवला. हेल्पलाइनवरचा माणूस गोड आवाजात म्हणायचा, "मॅडम, आमच्याकडून लाइन एकदम ओके दिसतेय." त्याच्या सांगण्यावरून चॅनेल बदललं. एक संध्याकाळ बरी गेली, दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. मग तंत्रज्ञ आला. बाहेरून येणारी वायर त्याने स्वतःच्या यंत्राला लावून बघितली आणि म्हणाला, "वायरीत दोष नाही, ताई. जे काय आहे ते हवेत आहे." आणि हवा आमची आम्हीच दुरुस्त करायची असल्यासारखा निघून गेला.

घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नव्हतं. निरोप यायचे, फोटो यायचे, त्याच राउटरवर माझ्या वरच्या मजल्यावरही बरं चालायचं. फक्त वहिनीचा कॉल रंगात आला की घात व्हायचा.

त्या मंगळवारी मी अकराच्या सुमारास खाली गेले होते, माझं पार्सल घ्यायला. मागच्या खोलीतून वहिनीचा आवाज आला, "थांबा डॉक्टर, पुन्हा विचारते." तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. दारातून डोकावले तर ती दोन्ही हात हवेत धरून लॅपटॉपकडे बघत होती. मला बघून म्हणाली, "माझा मोबाइल घे. हॉस्पिटलला लाव. स्पीकरवर टाक आणि हातात धरून उभी राहा."

आमची गल्ली दोन उंच इमारतींच्या बेचक्यात आहे. मोबाइलवर बोलता येतं, पण चित्र येत नाही. निदान आवाज तरी सुरू राहावा म्हणून तिने मला उभं केलं.

स्पीकरवरून कळलं ते असं. एका माणसाच्या पोटात रक्तस्राव होत होता. ताबडतोब ऑपरेशन करायचं होतं. पण त्याच्या खिशात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची पट्टी सापडली होती. शेवटची गोळी कालची असेल तर लगेच हात घालता येणार होता. आजची असेल तर आधी उतारा द्यायला हवा, नाहीतर टेबलावरच रक्त थांबणार नाही. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, सोबत कुणी नव्हतं. नर्सने पट्टी दाखवून, घड्याळ दाखवून विचारलं, तर तो सगळ्यालाच मान हलवत होता. दुखणारा माणूस कशालाही हो म्हणतो.

वहिनीने त्याला तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा त्याचा हात खांद्याकडे गेला आणि चित्र थिजलं.

"खांद्यावरून मागे म्हणजे काल ना?" नर्स म्हणाली. तिला चार खुणा येत होत्या. "काल म्हणतोय बहुतेक."

"बरोबर आहे का, ताई?" सर्जनचा आवाज. "अंदाजे सांगा. वेळ नाही."

"अंदाज नाही सांगणार," वहिनी म्हणाली. "हात कुठून निघाला ते दिसलं. कुठे पोचला ते नाही दिसलं."

"अहो, माणूस जाईल इथे!"

"म्हणूनच नाही सांगणार. मला पाच मिनिटं द्या."

सर्जन म्हणाले, "पाच. तोवर मी दोन्हींची तयारी ठेवतो. सहावं मिनिट नाही."

मला तेव्हा वाटलं, बाई, सांगून टाक ना, डॉक्टर स्वतः म्हणताहेत. पण वहिनीचं एक जुनं दुखणं मला माहीत होतं. ती अकरा वर्षांची असताना वडिलांना घेऊन दवाखान्यात गेली होती. डॉक्टर तोंडावर फडकं बांधून बोलले, एक शब्द तिला नीट ऐकू आला नाही. पुन्हा विचारायला लाजली आणि जे वाटलं ते वडिलांना सांगितलं. नऊ दिवस त्यांनी चुकीचं औषध घेतलं, चेहरा सुजून डोळे दिसेनासे झाले. ते बरे झाले, तिला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "'कळलं नाही' हीसुद्धा एक खूण आहे. ती करायला लाजू नकोस."

दुसऱ्या एका दुभाष्याला हॉस्पिटलने आधीच फोन लावून बघितला होता, ते दुसऱ्या पेशंटमध्ये अडकले होते. शेजारच्या घराला कुलूप. वहिनीने लॅपटॉप उचलला आणि हॉलकडे धावली, मी मोबाइल घेऊन तिच्यामागे.

राउटर दाराजवळच्या फळीवर. वहिनीने खालच्या चपलांच्या कपाटावर लॅपटॉप ठेवला, राउटरपासून हातभर अंतरावर, आणि पुन्हा कॉल लावला. चित्र आलं, अगदी स्वच्छ. मी 'सुटलो' म्हणणार, तेवढ्यात फळीवरचे सगळे हिरवे दिवे एकदम विझले. क्षणभर राउटर मेल्यासारखा काळा. मग एक दिवा लुकलुकायला लागला.

वहिनीने कपाळावर हात मारला. "सिग्नल नाही गं! हा बंदच पडतोय!"

आठ दिवस कॉलच्या वेळी ती मागच्या खोलीत, राउटर हॉलमध्ये. तो मान टाकतो आणि आपला आपण पुन्हा उठतो, हे बघायला तिथे कोण असणार? आम्ही आपले हवेला दोष देत बसलो होतो.

तिने पिन दाबून बघितली, घट्ट होती. भिंतीतल्या अॅडाप्टरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसावा इतका तो तापला होता. तिने राउटर उलटा केला. "अक्षरं वाच. चष्मा आत राहिलाय."

मी मोबाइल एका हातात धरून वाकले. "बारा व्होल्ट, दोन अँपिअर."

"आता अॅडाप्टरवरचं."

"बारा व्होल्ट. अर्धा अँपिअर."

"अर्धा?" वहिनी म्हणाली. "मग हा ह्याचा नाहीच!"

"तीन मिनिटं झाली," मोबाइलमधून सर्जन म्हणाले.

एवढ्यात धावपळीचे हादरे जमिनीतून जाणवून मावशी बाहेर आल्या होत्या. वहिनीने गरम अॅडाप्टर त्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि दुसऱ्या हाताने विचारलं, हा कुठला? ह्याचा कुठे आहे? मावशींनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग दारावरच्या भिंतीकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना दारावरची घंटा ऐकू येत नाही म्हणून तिथे एक दिवा बसवलाय. कुणी बटण दाबलं की तो लुकलुकतो. त्या दिव्याचा अॅडाप्टर फळीखालच्या बोर्डात, चपलांच्या कपाटामागे. मागच्या आठवड्यातल्या सोमवारी मावशींनी फळी आणि कपाटामागची भिंत पुसायला दोन्ही काढले होते. दोन्ही काळे, दोन्हींची पिन सारखी. परत लावताना अदलाबदल झाली. छोट्या दिव्याला मोठा अॅडाप्टर बाधला नाही. राउटर मात्र अर्ध्या पोटावर राबत होता आणि दोन्हीकडचं चित्र वाहायची वेळ आली की कोसळत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

वहिनीचे हात सटासट चालले. मला त्यांची भाषा मोडकीतोडकीच येते, पण ती काय म्हणाली ते कळायला भाषा लागत नव्हती. 'कितीदा सांगितलंय, हात लावू नकोस!' मावशींचे हात खाली गेले आणि पदरात लपले.

कपाटामागचा अॅडाप्टर निघता निघेना. वहिनीची बोटं घामाने सटकत होती. शेवटी मावशींनीच तिला बाजूला केलं, कपाट पुढे ओढलं, गुडघ्यावर बसून अॅडाप्टर हिसडून काढला आणि तिच्या हातात दिला.

तिने तो राउटरला लावला, राउटर सुरू झाला. पण राउटर काही माणसाच्या घाईने जागा होत नाही. पहिला दिवा लागला. दुसरा लुकलुकत राहिला.

"चार," सर्जन म्हणाले.

"येतंय, डॉक्टर. दोष सापडलाय."

"सर, बीपी खाली येतंय," मागून नर्स.

दुसरा दिवा स्थिर झाला. तिसरा लागेना. वहिनी जमिनीवर मांडी घालून बसली, लॅपटॉप समोर ओढला, आणि मला म्हणाली, "मागचा पडदा ओढ. उजेड मागून आला तर त्याला माझे हात दिसायचे नाहीत." मी पडदा ओढला. वळून बघते तो तिसरा दिवा हिरवा आणि कॉल लागलेला.

लॅपटॉपचा पडदा माझ्या बाजूला नव्हता, मला फक्त वहिनी दिसत होती. तिने विचारलं. मग हात मांडीवर ठेवून बघत राहिली. पापणीसुद्धा लवत नव्हती. एकदा तिच्या कपाळावर आठी आली. तिने तेच वाक्य त्याला परत करून दाखवलं, खात्री करायला, आणि मग तोंड उघडलं.

"डॉक्टर, तो म्हणतोय, काल रात्रीची गोळी विसरलो, म्हणून आज सकाळी दोन घेतल्या. आज. सकाळी सात वाजता. दोन."

'काल' ही खूण खरीच होती. फक्त ते वाक्याचं तोंड होतं, शेपूट आम्हाला दिसलं नव्हतं.

"आज, दोन," सर्जन म्हणाले. "समजलं." आणि मग त्यांचा आवाज लांब गेला, कुठलं तरी औषध मागवा, रक्ताच्या पिशव्या आणा.

त्यानंतर वीस मिनिटं वहिनी त्या माणसाशी बोलत होती. त्याला काय होणार, कुठे चिरणार, जाग कधी येणार, सगळं. चित्र एकदाही अडखळलं नाही. कॉल संपला तेव्हा तिला उठता येईना. पायाला मुंग्या आल्या होत्या.

मावशींनी पाण्याचा पेला आणून तिच्याजवळ ठेवला, पण तिच्याकडे बघितलं नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन डोळे मिटून बसल्या. आपण भांडणात तोंड फिरवतो, तरी कानावर शब्द पडतातच. त्यांच्या भाषेत डोळे मिटले की दार बंद. वहिनी समोर जाऊन बसली. हाताला हात लावला नाही, हलवलं नाही. दुपारी आणखी एक कॉल झाला, तो करून पुन्हा तिथेच येऊन बसली.

पाचच्या सुमारास मावशींनी डोळे उघडले. वहिनी लगेच म्हणाली, चुकलं माझं. हे मला कळलं. पुढचं तिने मला नंतर सांगितलं. मावशी म्हणाल्या, "चूक माझीच होती. पण तू मला विचारलं नाहीस, तू ओरडलीस. आठ दिवस घरातल्या सगळ्यांना विचारलंस, राउटरला काय झालं, कुणी हात लावला का. मला कुणी विचारलं? मला ऐकू येत नाही, दिसतं."

मलाही मान खाली घालावी लागली, कारण मीही विचारलं नव्हतं. तंत्रज्ञ आला तेव्हा मावशी तिथेच उभ्या होत्या.

सहा वाजता नर्सचा निरोप आला. ऑपरेशन झालं, रक्त थांबलं, धोका टळला. वहिनीने तो वाचला आणि मोबाइल उलटा ठेवला. मावशींनी भुवया उंचावून विचारलं. नियम मोडता येत नव्हता, पण तिचा चेहरा काही नियम पाळत नव्हता. मावशींनी मान डोलावली आणि उठल्या.

मग त्या मला म्हणाल्या, नखांना लावतेस ती लाल बाटली आण. मी वरून आणून दिली. राउटरला एक ठिपका, त्याच्या अॅडाप्टरला एक ठिपका. दिव्यासाठी दुसरा रंग हवा म्हणाल्या, तर माझ्याकडे फक्त चकचकीत जांभळा होता. त्यावर त्यांनी नाक मुरडलं, पण लावला. वहिनी बाजूला बसून एकेक वायर पुढे करत होती, आणि प्रत्येक वायरीला हात लावायच्या आधी आईला विचारत होती.