सासूबाईंच्या टाचेतला काळा डाग

मेलानोमा, म्हणजे त्वचेचा काळा कर्करोग, नीट ओळखू येत नसला की हल्ली पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगवून खात्री करतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या नगरच्या दवाखान्यात ती सोय नव्हती. मी तिथे प्रयोगशाळेत होते, आणि नेमक्या माझ्याच सासूबाई टाचेवर काळी गाठ घेऊन पारनेरकडून आल्या.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "काळा कर्करोग निघाला तर पाय काढावा लागेल."

"आन् शेळ्यांमागं कोन धावंल?" सासूबाईंनी विचारलं. "तुमी?"

गाठीचा तुकडा माझ्याकडे आला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी विसकटलेल्या आणि त्यांत काळे कण. डॉक्टरसाहेब बराच वेळ बघत राहिले. "हे कातडीचंच रंगद्रव्य असेल तर अवघड आहे. रंग उडवून बघा."

कातडीचा रंग परमँगनेट या जांभळ्या रसायनाने उडतो, बाहेरून शिरलेली काजळी उडत नाही. मी सासूबाईंच्या गाठीचा पातळ काप लावलेली काच आणि ताडून बघायला कुणाच्या तरी अंगावरच्या तिळाच्या कापाची काच, दोन्ही त्या द्रावणात बुडवल्या. तोवर टेबल पुसलं. मग पुसलेलंच पुन्हा पुसलं.

काचा धुऊन पाहिल्या. तिळाचा तपकिरी रंग पार गेलेला. सासूबाईंचे कण मात्र तस्सेच, काळेकुट्ट! मी इतक्या जोरात ओरडले की डॉक्टरसाहेब चहा सांडत आले.

"काजळीच आहे," ते म्हणाले. "पेशीही सुजेच्याच दिसतात. पण काजळी टाचेत शिरली कशी?"

मी ऍप्रनसकट वॉर्डात धावले. "आत्याबाई, टाचेला काय केलं होतंत?"

"काय न्हाई."

"सांगा हो! पाय वाचतोय तुमचा."

"बाभळीचा काटा मोडला हुता. मंग बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला. तेल सुटल्यावर काजळीसकट दाबला आत." मग हळूच म्हणाल्या, "डाक्टर वरडंल म्हून बोलले न्हाई."

डॉक्टर माझ्या मागेच उभे होते. "आजी, कर्करोग नाही. पाय तुमचाच."

"मंग आतापोत्तर कुनाचा हुता?"

अख्खा वॉर्ड हसला. तुकडा काढला तिथले टाके ओले आहेत, टाच टेकवायची नाही, अशी ताकीद मिळाली. ती त्यांनी तंतोतंत पाळली. दुसऱ्या पायावर लंगडी घालत त्या थेट व्हरांड्यात निघाल्या, आणि मी हसत, ओरडत त्यांच्या मागे.