रेवसचे सात परवाने

थळच्या कोळीवाड्यातला शिवदास होडीवर कधी रमला नाही. त्याला वेड इंजिनाचं. रेवस बंदरात लाँचमधून उतरलेली माणसं टॅक्सीनं अलिबागला पोचवायची, हे काम तो पन्नास सालापासून करत होता. गाडी त्यानं स्वतः घेतलेली, पण परवाना कंपनीच्या नावावर. आणखी सहा जणांचंही तसंच. अठ्ठावन्न साली शेठनं कंपनी गुंडाळून सातही परवाने मुंबईच्या एका पार्टीला द्यायचं ठरवलं. तेव्हा सातही जणांनी ते आपापल्या नावावर करून मागितले आणि कंपनीनं अलिबागच्या कोर्टात दावा लावला: हे आमचे पगारी नोकर, परवान्यावर यांचा हक्क कसला?

शिवदासच्या साक्षीच्या आदल्या संध्याकाळी कंपनीचे मुनीम दिनानाथ त्याच्या घरी आले.

"शिवदास, हजेरीबुकात तुझ्या सह्या आहेत. उद्या एवढंच सांग, मी नोकर होतो. तुझा परवाना तुला मिळेल. शेठचा शब्द."

"आन् बाकीचे सहा?"

"त्यांचं ते बघतील."

मुनीम गेल्यावर शिवदासच्या बायकोनं, केसरनं विचारलं, "सह्या तुमच्या हायत?"

"हायत. कोऱ्या पानांवर घेतल्यात. सही न्हाय तर गाडी न्हाय, म्हणायचे. आपले वकील म्हणतात, कोऱ्या होत्या हे सिद्ध कसं करणार? सही माझी न्हाय असंच सांग."

"देवाची शपथ घेऊन?"

सही कबूल केली तर सातही जण बुडणार होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वकिलानं पुस्तक त्याच्यासमोर धरलं. "ही सही तुमची?"

शिवदास म्हणाला, "व्हय साहेब. माझीच."

मागच्या बाकावरून रावजी, सातांतला त्याचा सगळ्यात जुना सोबती, ताडकन उठला आणि बाहेर चालता झाला.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही कंपनीच्या कामावर रेवसला हजर होतात?"

शिवदास चौथीपर्यंत शिकलेला. त्यानं पान जवळ ओढलं, तारीख वाचली, पुन्हा वाचली.

"साहेब, ही तारीख जुलैची हाय. त्या साली तुफानानं धक्का फुटला. बारा दिस लाँच लागलीच न्हाय. माणूसच उतरला न्हाय, तर मी कुणाला घेऊन अलिबागला गेलो?"

न्यायाधीशांनी पुस्तक मागून घेतलं. त्या बाराही दिवसांत सगळे हजर, फेऱ्याही भरलेल्या. बंदरावरची नोंदवही आणायचा हुकूम झाला. पुढच्या तारखेला ती आली आणि कोऱ्या सह्यांवर मागाहून मजकूर भरल्याचं उघड झालं. दावा फेटाळला गेला.

कंपनी अपिलात गेली. परवाने हाती पडायला एकसष्ट साल उजाडलं, आणि पडले ते सहाच. रावजीनं त्या साक्षीच्याच दिवशी, सारं संपलं असं समजून, मुनीमांना हक्क सोडल्याचं लिहून दिलं होतं.

पुढं तो रेवसला मालाच्या ट्रकवर दिसला. शिवदास त्याच्यापाशी गेला. "माझ्या गाडीवर ये. दिसाआड चालवू."

"तुझ्यावर इस्वास ठेवला न्हाय मी," रावजी खाली बघत म्हणाला. "आता कुठल्या तोंडानं येऊ?"

शिवदासनं बराच आग्रह केला. रावजी काही आला नाही.