भोक बुजू द्यायचं नाही

घोडेगावच्या बाजारात नबीलाल नालबंद दिसला की बैलवाले निर्धास्त होत. कसलाही मारका बैल असो, दोरानं आडवा पाडून चारी पायांना पत्र्या ठोकून मोकळा. खुरात पू झालेला दिसला, तर खूर कोरायचा आणि मालकाला दरडावायचा, "वरून बुजू देऊ नगा, आत सडंल." सगळा बाजार त्याचं ऐकायचा. त्यानं स्वतःचं मात्र ऐकलं नाही.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात त्याच्या नऊ वर्षांच्या मेहताबचा गाल सुजला. आईविना पोर, नबीलालच्या तोंडचं पाणी पळालं. नगरच्या मिशन दवाखान्यात डॉक्टर कृपादान म्हणाले, "जबड्यात पाण्याची गाठ आहे. कापून काढली तर आत दडलेले पक्के दातही जातील, जबडा वाकडा वाढेल. म्हणून नुसतं भोक पाडतो. त्यात रोज औषधाची पट्टी भरायची. वर्षभर ते बुजू द्यायचं नाही. गाठ आपोआप आटेल, दात वर येतील."

पट्टी भरायची म्हणजे पोरीचं डोकं गुडघ्यांत आवळून धरायचं. बैल लोळवणारे हात ते, पण मेहताब "अब्बा, नगं" म्हणून कळवळली की त्यांची पकड सुटायची. चार महिने त्यानं कसंबसं रेटलं. मग एक दिवस ती म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या, दुखत न्हाई." त्यानं राहू दिलं. दुसऱ्या दिवशीही राहू दिलं. आठवडाभरात भोक मिटलं, आणि हा शहाणा जखम भरली म्हणून दर्ग्यात मलिदा वाटून आला. नगरची वारीही सोडली.

दोन महिन्यांत गाल पुन्हा फुगला.

"पट्टी रोज भरत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

नबीलालच्या आधी मेहताबच बोलली, "व्हय. अब्बा रोज भरायचे."

"रोज भरूनही बुजलं असेल, तर आता गाठ दातांसकट काढावी लागेल."

पोर बापाची लाज राखत होती, आणि ती राखली तर तिचे दात जाणार होते.

"खोटं हाय, सायेब," तो म्हणाला. "मीच भरली न्हाई. तिचं रडनं ऐकवंना."

डॉक्टरांनी मेहताबचा गाल पुन्हा चाचपून पाहिला. "मग पुन्हा भोक. वर्ष पुन्हा पहिल्यापासून. दात येतीलच, असं मात्र आता सांगत नाही. धरा तिला."

मेहताबनं बापाकडे पाहिलं. रागानं नाही, अजूनही तो नको म्हणेल, या आशेनं. नबीलालनं तिचं डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि घट्ट धरलं.