सील फोडल्यास वॉरंटी नाही

पोलादपूरच्या आमच्या घरातल्या संगणकाच्या कॅबिनेटला, मागच्या दोन्ही स्क्रूंवर, चंदेरी कागदाचं सील होतं. सील फोडल्यास वॉरंटी नाही, असं त्यावर लाल अक्षरांत छापलेलं. त्यामुळे आत काय आहे हे आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं.

बहिणीने ड्राफ्टिंगचा कोर्स केला होता. महाडच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना तिला टाक्यांची त्रिमिती ड्रॉइंग घरून करायला देणार होता. सोमवारी नमुना दाखवायचा होता. पण ड्रॉइंग जरा फिरवलं की आमचा पडदा गोठायचा. महाडच्या ज्या दुकानदाराने संगणक विकला, त्याला मी फोन करून विचारलं, ग्राफिक्स कार्ड कुठलं बसेल?

"कुठलंही बसतं, दादा. चांगलं काढून ठेवतो. कॅबिनेट घेऊन या. घरी उघडू नका हां."

शनिवारी आम्ही एसटीने निघालो. कॅबिनेट बहिणीच्या मांडीवर होतं.

"टीव्ही हाय काय गो?" कंडक्टरने विचारलं.

"नाय हो, नोकरी हाय," ती म्हणाली.

दुकानदाराने स्वतःचंच सील ब्लेडने कापलं आणि झाकण काढलं. आतल्या मुख्य बोर्डावर कार्ड बसवायच्या पांढऱ्या खाचा तीन होत्या. त्याने काढून ठेवलेल्या कार्डाला तपकिरी खाच लागते. त्या खाचेची जागा कोरी होती.

"हा बोर्ड स्वस्तातला. याला ती खाच येतच नाही," तो म्हणाला.

"घेताना तुम्हीच म्हणालात, पुढे कार्ड टाकता येईल," बहीण म्हणाली.

"येतं की, ताई. बोर्ड बदलला की येतं. मग प्रोसेसरही बदलावा लागेल, तेवढंच."

"फोनवर हे का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"बंद डब्यातलं मला काय दिसतंय, दादा?"

डबा त्यानेच बंद केला होता. मी ते बोललो, मोठ्याने बोललो. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. पांढऱ्या खाचेत बसणारं कार्ड मुंबईहून मागवता येईल, चार-पाच दिवस लागतील, असं त्याने शांतपणे सांगितलं. बोलता बोलता खणातून नवं सील काढून तो त्याचा मागचा कागद सोलू लागला.

बहिणीने स्क्रूच्या भोकांवर तळहात ठेवला. "फोन द्या इकडे."

"लोकलच कॉल आहे ना?" दुकानदाराने विचारलं.

तिने त्याच्याच फोनवरून कारखान्यातल्या इंजिनिअरला सांगितलं, सोमवारी जमणार नाही. कारण सांगताना दुकानाचं नाव घेतलं, दोनदा, स्पष्ट. मग पलीकडचं ऐकून घेतलं. रिसीव्हर ठेवला आणि म्हणाली, "त्यांनी काम बिरवाडीच्या एका मुलाला दिलं."

दुकानदाराच्या बोटाला सील चिकटून राहिलं होतं. झाकण त्याच्या काउंटरवरच सोडून आम्ही उघडं कॅबिनेट उचललं आणि स्टँडवर आलो.