डोळ्यांवरची काळी पट्टी

मुखवटे घातलेल्या शूरवीरांचं मला वेड होतं, असं सांगितलं की आजची पोरं हसतात. हसू देत. त्यांना वाटतं, असली माणसं त्यांच्याच चित्रांच्या पुस्तकांत पहिल्यांदा जन्माला आली. अरे, तुमचे आजे नागडे फिरत होते तेव्हा मी मुरुडच्या तंबूत त्यांच्यातली सगळ्यात भारी बघून आले होते, आणि ती बाई होती.

तीस सालानंतरची गोष्ट. मुंबईत बोलपट सुरू झाले होते, पण आमच्या किनाऱ्यावर फिरत्या तंबूतून मुकेच सिनेमे यायचे. पडद्याशेजारी एक माणूस छडी घेऊन उभा राहायचा आणि काय चाललंय ते ओरडून सांगायचा. आमचा कोळीवाडा काशीदजवळचा. आये सुकी मासळी घेऊन मुरुडच्या बाजाराला जायची, तिच्याबरोबर मी. बाजार उरकला की मावशीकडे वस्ती आणि संध्याकाळी तंबू. आयेला सिनेमाचं काही नव्हतं, ती बसल्या बसल्या झोपायची. मी मात्र पापणी लवू द्यायची नाही.

ती बाई दिवसा राजवाड्यातली शामळू मुलगी असायची. गरिबांवर जुलूम झाला की डोळ्यांवर भोकं पाडलेली काळी पट्टी बांधायची, तुमान चढवायची, कमरेचा दोर फेकून दिवाणाच्या गच्चीवर चढायची. लुटलेलं ज्याचं त्याला द्यायची आणि नाव न सांगता नाहीशी व्हायची. हे नाव न सांगणं मला फार आवडायचं. तिची दोराची गाठ मात्र अगदीच कच्ची. आमच्याकडे कुणी तसली गाठ मारली असती तर त्याला होडीवर उभं केलं नसतं. तिच्या जाहिरातीचे गुलाबी कागद मी चुलीमागच्या भिंतीला भाताच्या खळीने चिकटवले होते. एकात आयेने कोळंबीचे सोडे बांधून गिऱ्हाइकाला दिले, तेव्हा मी दिवसभर जेवले नव्हते.

शिमग्यात आमच्याकडे सोंगं निघतात. सोंगं पुरुषांनी काढायची, बायका व्हायचं तेही पुरुषांनीच. बायकांनी दारात उभं राहून हसायचं. त्या साली मला ते हसणं जमेना. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आगरदांड्याला मामाकडे गेला होता. त्याची तुमान आणि खांद्याला ठिगळ असलेला सदरा मी चढवला, चुलीतल्या काजळीने काळी केलेली पट्टी डोळ्यांवर बांधली, वेणी पाठीवर सोडली आणि सोंगांत घुसले.

कुणाला संशय म्हणून आला नाही. सोंगात बाई दिसली म्हणजे आत पुरुष, हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं. ठिगळ बघून लोकांनी मला दादाच ठरवलं. आमच्या वाड्यातला मोठा तांडेल, ज्याचा शिडाचा मचवा मुंबईपर्यंत जायचा, त्याने तर माझी वेणी धरून हिसडली. “क्येस झ्याक लावल्यान रे पोरा,” म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

ओहोटी होती, मचवा वाळूवर टेकला होता. त्याचं सणाचं निशाण डोलकाठीच्या टोकाला कप्पीत अडकून बसलं होतं, आणि वर जाईल असा एकही गडी शुद्धीवर नव्हता. मी गेले. दोर पायांत धरून सरसर वर. निशाण सोडवलं, ते फडफडलं, खाली ढोल थांबले. वरून जंजिऱ्यापर्यंतचं पाणी दिसत होतं. इतका आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही. उतरले ती गर्दीतून सटकले, नाव न सांगता.

संध्याकाळी दादा परतला तर लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मानेने नाही म्हटलं. मला वाटलं, गप्प बसेल. तर हा म्हणतो कसा, “त्यात काय! चढलो.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पडद्यावरच्या त्या बाईचं श्रेय कुणी असं लाटलं नव्हतं, त्यामुळे अशा वेळी काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

चार दिवस दादाने भाव खाल्ला. मग तांडेल आमच्या दारी आला आणि माझ्या बाला म्हणाला, “पोराला माज्या मचव्यावर दे. डोलकाठीवर असाच गडी पायजे.” बाला आभाळ ठेंगणं झालं. आणि दादाच्या तोंडचं पाणी पळालं, कारण दादाला माळ्यावर चढलं तरी घेरी यायची. हे फक्त मला माहीत होतं.

मासळी वाळत होती तिथे त्याने मला गाठलं. “मी पडून मरन गो,” म्हणाला.

“मग सांग खरं.”

“बानं सगल्या गावाला सांगितलाय. आनि तुजा नाव सांगितला तं तुजी आगरदांड्याची सोयरिक मोडंल.”

ते खरं होतं. होडीवर चढलेली पोर कोण सून करून घेणार? मी म्हटलं, “मोडू दे.” त्याने स्वतःच्या गळ्याची शपथ घालून मला गप्प केलं.

मचवा निघायचा त्या सकाळी सगळा वाडा किनाऱ्यावर होता. नारळ फुटला. तांडेलाने दादाला वर जायला सांगितलं. दादा पुरुषभर उंच गेला, आणखी थोडा गेला, आणि डोलकाठीला मिठी मारून थिजला. वरही जाईना, खालीही येईना. लोक आधी हसले, मग त्याला हाका मारायला लागले. बा नुसता वर बघत होता.

मी काय केलं ते मला विचार करून सुचलेलं नाही. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, पाण्यातून गेले आणि मचव्यावर चढले. कुणीतरी ओरडलं, बाईमाणूस होडीवर चढलं म्हणून. ओरडू दे. दादाच्या खाली जाऊन मी त्याचा पाय माझ्या खांद्यावर घेतला. “डोले मीट. एक पाय सोड. आता दुसरा. मी हाय ना.” तसा त्याला इंच इंच खाली आणला. तो फळीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. माझा त्याच्यावरचा राग तिथल्या तिथे उतरला.

मग मी एकटी टोकापर्यंत गेले. काही अडकलेलं नव्हतं. उघड्या तोंडाने वर गेले, सगळ्यांनी बघावं म्हणून.

खाली आले तर तांडेल माझ्या वेणीकडे बघत होता. “म्हंजी ते क्येस खरं व्हतं?” त्याने विचारलं.

“व्हय. आनि दुखला व्हता,” मी म्हणाले.

मचवा त्या दिवशी निघाला नाही, नारळ पुन्हा फोडावा लागला. सोयरिक मोडली. दादा मुंबईला गिरणीत गेला, जमिनीवरच्या कामात सुखी झाला. आयेने मला एक थोबाडीत दिली आणि बोलणं टाकलं. बाजाराला न्यायची, पाटी डोक्यावर द्यायची, पण शब्द नाही. ते मात्र मला फार लागलं.

पुढच्या सालात तंबू पुन्हा आला. तीच बाई, तीच कच्ची गाठ. आये शेजारी बसली होती, डोळे मिटून. शेवटी ती बाई नेहमीसारखी नाहीशी झाली आणि छडीवाला ओरडला, “ती कोण होती, हे कुणालाच कधी कळलं नाही!” अख्खा तंबू टाळ्या वाजवायला लागला. मी पहिल्यांदाच वाजवल्या नाहीत.

तेवढ्यात आये उभी राहिली. बाजारात लावायची तो आवाज लावून छडीवाल्याला म्हणाली, “कलंल कसा? पट्टी काढ म्हनाव तिला. माज्या पोरीनं काढली व्हती.”

आणि खाली बसून माझ्याकडे न बघता म्हणाली, “सरक तिकडं, पाय आखडलंत माजं.”