तबकात पडलेली ओवाळणी

दिवाळीचे चार दिवस कृष्णात ते पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात घेऊन फिरत होता. शाहूपुरीतल्या आपल्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात बसल्या बसल्या त्याचा हात सारखा खिशाकडे जायचा. साठी उलटलेला माणूस, पण परीक्षेला निघालेल्या पोरासारखी गत. दर भाऊबीजेला तो थोरल्या बहिणीला, आक्काला, साडी द्यायचा. मागची दोन वर्षं ती साडी घडी न मोडता कपाटात जायची. नेसून जायचं तरी कुठं?

आक्का जयसिंगपूरला राहायची. एकतीस वर्षं अंगणवाडी चालवलेली, अख्ख्या गल्लीला दम देणारी बाई. पण दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान गणपतराव गेले आणि तेव्हापासून ती एकटी उंबऱ्याबाहेर पडेनाशी झाली. "माझं आता काय काम हाय?" एवढंच म्हणायची. ते वाक्य कृष्णातच्या काळजात रुतून बसलं होतं.

त्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर निशिगंधा मॅडम बसत. लाइफ कोच. अडकलेल्या माणसाला बोलतं करायचं आणि त्याची वाट त्यालाच शोधायला लावायची, हे त्यांचं काम. कृष्णातची मुलगी अवनी म्हणाली, "बाबा, यंदा आत्याला हेच द्या." पाकिटात त्यांच्या सहा बैठकांचं कार्ड होतं.

भाऊबीजेला आक्कानं ओवाळलं. कृष्णातनं पाकीट तबकात टाकलं ते घाईत निरांजनाला टेकलं, आणि कोपरा काळा झाला.

"अरं, जळलं की!" आक्कानं फुंकर मारली. चष्मा लावून कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे काय रं? मला याड लागलंय व्हय?"

"न्हाय गं आक्का..." चार दिवस पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठं पळालं. "मशीन चांगलं असलं तरी अधनंमधनं तेल घालावं लागतंयच की. तसं..."

"म्हंजे मी गंजलोय?"

कृष्णातला पाटाखाली शिरावंसं वाटलं. आक्काची सून संयोगिता तोंडाला पदर लावून हसत होती. "आत्ती, घ्या की! मामांनी किती हौसेनं आणलंय."

"न घेऊन काय करू? तबकात पडलेली ओवाळणी परत देत न्हाईत," आक्का म्हणाली. "न्हाईतर ह्याच्या तोंडावर फेकली असती!"

पुढच्या मंगळवारी कृष्णात स्वतः जयसिंगपूरला जाऊन तिला एसटीनं घेऊन आला. आक्कानं मॅडमसाठी डबाभर चकल्या घेतल्या होत्या. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं कसं? ती जिना चढून वर गेली. खाली कृष्णातनं एकच बॉबीन तीनदा उलटी बसवली. अर्ध्या तासानं वरून टाळ्यांचा आवाज आला, मग हसण्याचा. त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

तासाभरानं आक्का खाली आली. गाल लाल झाले होते.

"काय म्हणाल्या मॅडम?" त्यानं अधीर होऊन विचारलं.

"त्या कशाला म्हणत्यात? मलाच बोलायला लावलं. म्हणाल्या, घड्याळाकडं बघायचं कधी विसरत होता? म्हटलं, पोरांना गाणी शिकवताना. मग म्हणून दावली की चार! हातवारे करून! त्या बाईला पण उभं केलं."

"आणि?"

"आणि अभ्यास दिलाय. तुला न्हाय सांगणार." ती पायरीवर थांबली. "फुडच्या मंगळवारी मला आणायला यायचं न्हाय."

तो आठवडा कृष्णातला सरता सरेना. मंगळवारी दहालाच तो दुकान उघडं टाकून, शेजारच्याला "बघा जरा" म्हणून, स्टँडवर जाऊन उभा राहिला. जयसिंगपूरची एक गाडी आली, रिकामी झाली. दुसरी आली. आक्का नव्हतीच. घरात बसली असेल, त्याच्या मनात आलं. आपणच हे उगाच...

तिसऱ्या गाडीतून आधी पिशवी उतरली, मागून आक्का. गेल्या वर्षीच्या भाऊबीजेची हिरवी साडी नेसली होती. घड्यांच्या रेघा अजून तशाच उमटलेल्या. सोबत कुणी नव्हतं.

कृष्णात पुढं झाला.

"हितं का उभारलायस? सांगितलं होतं न्हवं?"

"चहाला आलतो."

"डोळ्यात पाणी आणून चहा पितोस व्हय?" तिनं खांद्यावरचा पदर सारखा केला आणि शाहूपुरीच्या दिशेनं चालूसुद्धा लागली. "ये सावकाश मागनं. मला उशीर होतोय."